तपकिरी ठिपके

व्यसनाचा अभ्यास करणाऱ्या इथल्या प्रयोगशाळेत येऊन दोन वर्षं झाली. या काळात मी सगळ्यांत जास्त काय पाहिलं असेल, तर तपकिरी ठिपके. उंदराच्या मेंदूचे पापुद्र्याइतके पातळ काप, त्यांवर हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी, मग रंग, मग मायक्रोस्कोपखाली मोजणी. एक ठिपका म्हणजे डेल्टा-फॉसबी हे प्रथिन साचलेलं एका पेशीचं केंद्रक.

तुमच्यापैकी एकीनं विचारलं होतं, "नशा उतरली, शरीरातून निघूनही गेली, मग माणूस महिन्याभरानं पुन्हा तिकडेच का वळतो?" तो प्रश्न मनातून जात नाही.

कोकेन किंवा ॲम्फेटामिन ही उत्तेजक द्रव्यं घेतली की न्यूक्लियस ॲकम्बन्स या मेंदूतल्या सुखाशी, ओढीशी निगडित भागात डोपामीन हे संदेशवाहक रसायन वाढतं आणि पेशी सी-फॉस नावाचं प्रथिन बनवतात. ते काही तासांत मोडून जातं. डेल्टा-फॉसबीचं तसं नाही. मूळ फॉसबी 338 अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या तेवढ्या कड्यांचं, तर हे त्याचं आखूड रूप. शेवटची 101 त्यात नसतात. नेमक्या त्या शेपटातच 'याला मोडा' ही खूण असते! ती नसल्यामुळे हे प्रथिन डोसामागून डोस साचत जातं आणि डोस थांबल्यावरही काही आठवडे टिकतं.

डेल्टा-फॉसबी जनुकांची अक्षरं बदलत नाही. ते बदलतं कुठलं जनुक वाचलं जाणार हे. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ती गुंडाळी कुठे सैल होते आणि जनुक वाचलं जातं, कुठे आवळली जाते आणि जनुक बंद राहतं. डेल्टा-फॉसबी सी-फॉसचं जनुकसुद्धा दाबून टाकतं. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ एरिक नेस्लर यांच्या गटानं 2010 मध्ये दाखवलं, की वारंवार दिलेल्या कोकेननं उंदरांत जी9ए हे एन्झाइम घटतं. जनुकावर 'बंद'ची खूण लावण्याचं काम त्याचं. ते घटलं की चेतापेशींवरचे बारीक काटे, म्हणजे इतर पेशींशी जोडणी होण्याच्या जागा, वाढतात आणि उंदराची कोकेनची ओढही वाढते.

हे उंदरांपुरतंच नाही. कोकेनचं व्यसन असलेल्या माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतही डेल्टा-फॉसबी वाढलेलं आढळलं आहे. पण त्याला 'नशेचं प्रथिन' म्हणणं मला पटत नाही. चाकावर मनसोक्त धावणाऱ्या उंदरातही ते वाढतं.

गेल्या आठवड्यात डोस थांबवून बरेच दिवस झालेल्या एका उंदराचे काप पाहिले. नशेच्या द्रव्याचा अंशही उरला नसणार. ठिपके मात्र होते, फिकट, पण मोजता येण्याइतके. मी ते दोनदा मोजले.