मराठी लिहितोस, मग मुंबईचा का नाहीस?

येत्या रविवारी मुंबई सिटीचा फुटबॉल संघ आमच्या एफसी गोवाशी खेळायला मडगावच्या फातोर्डा मैदानावर येतोय आणि तोच प्रश्न पुन्हा सुरू झालाय. दादरच्या आत्यानं फोनवर विचारलं, ऑफिसातल्या कोल्हापूरच्या मित्रानं डबा खाताना विचारलं, आणि परवा फोंड्याच्या बाजारात नारळ घेताना माझ्या जुन्या मास्तरांनीही. "लिहितोस मराठी, वाचतोस मराठी, जत्रेत नाटक करतोस तेही मराठी. मग मुंबई समोर आली की एवढा का पेटतोस?" दरवेळी मी विषय बदलतो. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज एकदा सांगून टाकतो.

भाषेवरून टीम ठरत नाही, हे माझं नेहमीचं उत्तर. मुंबई सिटीच्या ड्रेसिंग रूममध्ये मराठी बोलतात तरी किती जण, असंही वर विचारायचो. हे उत्तर लंगडं आहे हे मलाही कळतं. आमचे गोल मणिपूरच्या, स्पेनच्या, मोरोक्कोच्या पोरांनी केलेत आणि त्यांच्या नावानं मी घसा बसेपर्यंत ओरडलोय. 'आपला माणूस' हा निकष दोन्हीकडे टिकत नाही.

मग काय टिकतं? बोरीचा पूल ओलांडून अर्ध्या तासात मी फातोर्ड्याला पोचतो. २०१४ साली इंडियन सुपर लीगसाठी एफसी गोवा उभी राहिली तेव्हापासून जातोय. २०१५च्या नोव्हेंबरात याच मैदानावर आम्ही मुंबईला ७-० हरवलं; दुदू आणि हाओकिप, दोघांच्या हॅटट्रिक. २०१९च्या सेमीफायनलला आतेभाऊ मला अंधेरीला घेऊन गेला. तिथं आम्ही ५-१ जिंकलो आणि त्यानं हसत मला वडापाव खाऊ घातला. तोवर ही दुश्मनी वगैरे काही नव्हती. २०२०मध्ये आमचे आधीचे प्रशिक्षक लोबेरा मुंबईला गेले. आमचे खेळाडू जाहू, बूमुस, फॉल आणि आपला मंदार राव देसाई, सगळे तिकडेच. त्याच मोसमात मुंबईनं सेमीफायनलमध्ये आम्हाला पेनल्टीवर काढलं आणि पुढं चषकही नेला. कोविडमुळे सगळे सामने गोव्यातच, पण बंद दाराआड. बांबोळीला आमची टीम हरत होती आणि मी फोंड्यात टीव्हीसमोर बसून मंदारला नको ते बोलत होतो. त्यानं काहीही चुकीचं केलं नव्हतं. नोकरीसाठी गोव्यातलं अर्धं घर मुंबईला जातं, माझी आत्यासुद्धा तशीच गेली. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

पण खरं दुखणं २४ एप्रिल २०२४चं आहे. पुन्हा मुंबईशी सेमीफायनल, पहिला लेग, म्हणजे दोन सामन्यांतला पहिला, बुधवार. सोळाव्या मिनिटाला आमचा बोरिस सिंग. छप्पन्नाव्या मिनिटाला ब्रँडन, आपला ब्रँडन फर्नांडिस, आणि २-०. माझ्या शेजारचे अनोळखी काका माझ्या गळ्यात पडून रडले. नव्वद मिनिटं होत आली तरी २-०. मी मोबाइल काढला आणि आतेभावाला लिहिलं, "या वेळी वडापाव माझ्याकडून." पाठवून मान वर केली तेवढ्यात मुंबईच्या छांगटेचा गोल. ठीक आहे, २-१, म्हटलं चालेल. लगेच पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंग. २-२. सगळं स्टँड उभं होतं, पण आवाज गेला होता. इतक्या माणसांत मला माझा श्वास ऐकू येत होता. मला २०१५ची फायनल आठवली. हेच मैदान, चेन्नई समोर, सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आम्ही २-१ पुढं आणि शेवटी २-३. मी मनात म्हणत होतो, तसं नको, बरोबरीत संपू दे. इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनंच तिसरा मारला.

ते काका खाली बसले. मी त्यांना हात दिला नाही. अजून ते मनाला लागून आहे. सरळ निघालो, बाइक काढली, बोरीच्या पुलावर थांबलो आणि ढसाढसा रडलो. आतेभावाचे तीन फोन येऊन गेले होते. घेतले नाहीत. पुढं दोन महिने घेतले नाहीत. अंधेरीचा दुसरा लेगही आम्ही ०-२ हरलो, तो मी पाहिलाच नाही.

घरी पोचलो तर आजोबा सोप्यावर जागे. १६ जानेवारी १९६७ला गोव्याचा जनमत कौल झाला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि त्यांनी फुलाला मत दिलं होतं, गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून. दोन पानं, म्हणजे वेगळं राहायची बाजू, जिंकली. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० हे आकडे त्यांना तोंडपाठ होते आणि जन्मभर ती हार ते विसरले नाहीत. त्या रात्री मात्र टीव्ही बंद करून ते अंधारात बसले होते. "दोन गोल हातात असताना मागं कशाला गेले रे आपले?" एवढंच म्हणाले आणि रागानं आत जाऊन झोपले, न जेवता. 'आपले' म्हणाले. ते फूल आणि हे 'आपले' एकाच माणसात कसं मावतं, हे विचारायचं माझ्या मनात होतं. राहून गेलं. आता ते नाहीत.

त्याच वर्षी ब्रँडनही मुंबईला गेला. या वेळी मी काही बोललो नाही, पण समजून घेतलं असंही नाही. त्याच्या पायाशी बॉल आला की आजही मला काय वाटतं ते नीट सांगता येत नाही.

मास्तर म्हणाले, "अरे, हा खेळ आहे, राज्य नव्हे." बरोबर आहे मास्तर. पण मुंबई म्हटलं की आपण धाकटे, हे मी आत्याच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो. दादरच्या चाळीत माझ्या मराठीला 'गोव्याची' म्हणून हसायचे. फातोर्ड्यावर मला धाकटं व्हायचं नसतं. हे उत्तर पुरेसं आहे का? कदाचित हाही बहाणाच असेल. त्या हसण्याआधीपासूनच मी गोव्याचा होतो.

रविवारी आतेभाऊ येतोय. सकाळची जनशताब्दी, दुपारी मडगाव. दोन तिकिटं मी काढलीत, शेजारशेजारची. मुंबईचा निळा शर्ट घालून येऊ नकोस, असं सांगायला काल फोन लावला होता. गाडीची वेळ विचारली आणि ठेवून दिला.