लिंकनच्या आईचे शेजारी

इंडियाना राज्यात सांताक्लॉज नावाचं गाव खरोखरच आहे, आणि तिथल्या वॉटरपार्कसाठी मुलं हटून बसली होती. लुईव्हिलहून आय-६४ महामार्गाने निघालो. वाटेत टाइमझोन बदलतो, घड्याळ तासभर मागे येतं. हा फुकटचा तास मी लिंकन सिटीजवळच्या ‘पायोनियर सेमेटरी’ या जुन्या दफनभूमीसाठी वापरला. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनची आई नॅन्सी तिथं पुरलेली आहे.

१८१६ साली लिंकन कुटुंब केंटकी सोडून इथं आलं, तेव्हा नुसतं रान होतं. झाडं तोडायची, जमीन मोकळी करायची आणि मका लावायचा. माणूस गेलं तर जवळच्या टेकाडावर पुरायचं. १८१८च्या पानगळीत तशी वेळ लागोपाठ आली. ‘व्हाइट स्नेकरूट’ हे पांढऱ्या फुलांचं रोप गाईंनी खाल्लं की त्याचं विष दुधात उतरायचं. पण तेव्हा इथल्या लोकांना कारण ठाऊक नव्हतं; गाय थरथरते आणि मग दूध पिणारी माणसं आजारी पडतात, एवढंच दिसायचं. आधी नॅन्सी लिंकनची मावशी एलिझाबेथ स्पॅरो आणि तिचे यजमान थॉमस गेले. शेजारची नॅन्सी ब्रूनर गेली. ५ ऑक्टोबरला ३४ वर्षांची नॅन्सी लिंकनही गेली. नवरा सुतार, त्यानंच शवपेटी केली. तिच्या लाकडी खुंट्या ९ वर्षांच्या अब्राहमनं तासल्या, असं सांगतात.

कुटुंब १८३०मध्ये इलिनॉयला गेलं. १८४४मध्ये लिंकन प्रचाराच्या निमित्तानं या भागात येऊनही गेला, तरी आईच्या नावाचा दगड काही बसला नाही. आज दिसतो तो १८७९चा. घोडागाड्या बनवणाऱ्या स्टूडबेकर घराण्यातल्या पीटर स्टूडबेकरनं तो बसवला. त्यावर वय ३५ कोरलंय! वर लोकांनी लिंकनच्या चेहऱ्याच्या पेन्या, म्हणजे एक सेंटची नाणी, ठेवली होती.

मला मात्र आजूबाजूचं गवत जास्त खिळवून ठेवत होतं. त्याच साथीत गेलेली शेजारची माणसंही इथंच आहेत, पण कुंपणातल्या त्या एका दगडापुढे त्यांच्याकडे कोण बघतंय? एक मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला नसता, तर हे टेकाडही कुणाच्या तरी मक्यात गेलं असतं.

जाणार असाल तर रस्त्यापलीकडच्या स्टेट पार्कमध्ये लिटल पिजन चर्चची दफनभूमीही बघा. लिंकनची बहीण सारा तिथं आहे. १८२८मध्ये बाळंतपणात गेली, विशीत. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.