सर्व्हरचं वीजबिल, मे महिन्यातलं

आज रविवार. सकाळी बिल आलं, घरात नेहमीप्रमाणे एसीवरून वाद झाला, आणि मी मात्र टीव्हीखालच्या जुन्या डेस्कटॉपकडे बघत बसलो. तोच आमचा घरचा सर्व्हर. त्यावर फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन आणि जाहिराती अडवायला पाय-होल असे प्रोग्राम, सगळं चोवीस तास चालू. प्लगमध्ये लावायचा मीटर मिळतो ना, तो लावून बघितलं तर काहीच काम नसताना ५८ वॅट. म्हणजे साध्या सीलिंग फॅनपेक्षाही कमी, पण फॅन आपण खोलीबाहेर पडताना बंद करतो, हा बाबा काही बंद होत नाही.

हिशोब सोपा आहे, एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट. ५८ वॅटचे महिन्याला झाले जवळपास ४२ युनिट. आता बरेच जण काय करतात, एकूण बिलाला एकूण युनिटने भागतात आणि तो सरासरी दर लावून म्हणतात की एवढं काही नाही. पण महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० ला बदलतात, आणि फ्रिज, दिवे, गीझर तर लागणारच, त्यामुळे हौसेचे हे ४२ युनिट नेहमी आपण त्या महिन्यात पोचलेल्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधलेच धरायला हवेत. ३०० च्या पुढचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या दुपटीहून महाग पडतं, वर वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा), आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तोच सर्व्हर, तेच काम, पण डिसेंबरात स्वस्त आणि एसीमुळे आपण ३०० च्या पार गेलो की मे महिन्यात महाग! शिवाय तो जेवढी वीज खातो तेवढी गरमी खोलीत सोडतो, ती परत एसीनेच उपसायची.

दुपारी खोलून बसलो. जुनं ग्राफिक्स कार्ड उगाच बसलेलं, ते काढल्यावर बारा वॅट गेले. हार्ड डिस्क नुसती फिरत असली तरी प्रत्येकी चार-पाच वॅट घेते, तिला झोपवायचं म्हटलं तर इमिच मधेच काहीतरी स्कॅन करायला उठवतं, आणि सारखं झोपणं-उठणं डिस्कला मानवत नाही ते वेगळंच. पॉवर सप्लायही साडेपाचशे वॅटचा, एवढ्याशा लोडवर तो नीट एफिशियंट राहत नाही.

मित्राकडे एन-१०० या कमी वीज खाणाऱ्या इंटेल प्रोसेसरवाला मिनी पीसी आहे, एसएसडी आणि एक डिस्क धरून १४ वॅट, महिन्याला दहा युनिट. नवा घेतला तर पैसे वसूल व्हायला तीनेक वर्षं लागतील असा माझा अंदाज, तरी घेणार, कारण आवाजही जाईल (बायकोला हे कारण जास्त पटलं).

रात्री बंद ठेवायचा पर्यायही होता, पण वेबसाइटचे पत्ते शोधायला घरातली सगळी उपकरणं पाय-होललाच विचारतात, आणि तो त्यावरच असल्यामुळे सर्व्हर गेला की घरातलं नेटच गेल्यासारखं होतं. पाय-होल आता राउटरशेजारच्या रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर हलवलंय, त्याला तीन-चार वॅट पुरतात. डेस्कटॉप फक्त बॅकअपपुरता वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून सिग्नल पाठवून, उठवायचा. बंद असतानाही मीटरवर दीड वॅट दिसतो, बटण भिंतीवरूनच बंद केलं तर तो उठणार नाही, म्हणून वर्षाचे ते तेरा युनिट जाऊ देत.