पीएम किसानची लिस्ट आली म्हणे

आमच्या काकाजींचे अठरा हजार गेले. सोयाबीन विकून हरभऱ्याच्या बियाण्याले न् खताले ठेवलेले पैसे होते. २०२५ च्या हंगामाले सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले ५३२८ जाहीर झाला, पण आमचा माल पावसात भिजलेला, डागी, व्यापाऱ्यानं चार हजाराच्या खालीच मागितला न् देऊन टाकला, करता काय. त्यात पीएम किसानचा हप्ता केवायसीपायी अडकलेला. अशात व्हाट्सॲपवर मेसेज आला, "नवीन लाभार्थी यादी, नाव चेक करा", खाली फाईल. आणि आला कोणाच्या नंबरवरून, तर गावातल्याच पोराच्या! त्याचा फोन आधीच चोरांच्या हातात गेला होता, त्याच्या नावानं सगळ्या ग्रुपवर फाईल फिरत होती, हे मागाहून कळलं.

काकाजींनी दाबलं, ॲप पडलं, त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली, यांनी दिली. मग आधार नंबर, एटीएम कार्डाचा नंबर, न् खातं चालू आहे का पाहायला एक रुपया टाका म्हणे, तिथंच पिन गेला. पुढचे ओटीपी परस्पर चोराकडं, यांच्या फोनवर काहीच नाही.

कळलं कधी, तर कृषी केंद्रात पैसे देताना. बँकेत जाऊन पासबुकावर एन्ट्री मारली: पाच हजार, पाच हजार, पाच हजार, तीन हजार, शिल्लक १४३ रुपये. पासबुक घडी करून बंडीच्या खिशात टाकलं न् दोन दिवस कोणाले बोलले नाही. मले सांगितलं तेव्हाही पहिलं वाक्य, "तुह्या काकूले सांगू नोको बाप्पा."

माझा जीव या दोन दिवसांवरच जळतो. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० नंबरवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच थांबवता येतात कधीकधी. आम्ही लावला तोवर पार निघून गेलते. लाज वाटते मान्य आहे, पण लाज चोराले वाटली पाहिजे ना.

पीएम किसान २०१९ पासून आहे, वर्षाचे ६०००, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, नाव सरकारी साइटवर दिसते, त्याले कोणतीच एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाईल लागत नाही. पैसे यायले पिनही लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. लाडक्या बहिणीच्या केवायसीच्याही खोट्या लिंका फिरल्या. अन् ते दोन लाखाचं कर्ज मंजूर, आधी प्रोसेसिंग फी भरा, त्यावर अशोकस्तंभ छापलेलं पत्र! कर्ज देणारा आधी तुमच्याकडूनच कायले मागन पैसे?

मागच्या आठवड्यात आतेबहिणीनं लग्नाची पत्रिका पाठवली, साधा फोटो. काकाजींनी उघडलाच नाही, विहिरीपाशी रेंज येते तिथं जाऊन तिले फोन लावला, "बाई, हे तूच पाठवलं का? कोणाचं लगन हाय ते सांग पहिले." ती म्हणे, "माह्यंच हाय ना मामाजी."