आमची वाटचाल : आधी ओल, मग रंग

विकायला काढलेली घरे दुरुस्त करून देणे हा आमचा धंदा. सजावट हा नव्हे. घर बघायला आलेले गिऱ्हाईक ज्यावर बोट ठेवून भाव पाडते, तिथेच मालकाने पैसा घालावा, हे आम्ही सुरुवातीपासून सांगत आलो. त्यापायी फर्म बुडता बुडता वाचली, तरी सांगणे तेच आहे.

पहिल्या वर्षांत गवंडीकाम आमचे आणि नळकाम भागीदाराचे, अशी वाटणी होती. भागीदाराच्या सामानात सगळ्यांत झिजलेली वस्तू म्हणजे हाताने मारायचा प्रेशर पंप. पाण्याची नवी लाइन टाकली, पाइप चिकटवणारे जोडांचे सोल्युशन २४ तास सुकू दिले, की सगळी तोंडे प्लगने बंद करायची, नेहमीच्या दीडपट दाब भरायचा आणि काट्याच्या काचेवर खूण करायची. तासाभराने काटा खुणेवरच असला तर गिलावा, नाहीतर नाही. दगा देतो तो बहुतेक नळामागचा एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड. पितळी आटे जोर लावून आवळले की प्लास्टिकला केसाएवढी चीर जाते. ती टाइलमागे झाकली गेली, की पलीकडच्या खोलीत स्कर्टिंगच्या वर रंग फुगेपर्यंत पत्ता लागत नाही.

बाथरूमचेही तसेच. जुनी फरशी उखडायची, जमीन आणि भिंतीच्या सांध्याला वाटा (सिमेंटची गोलाई) मारायचा, कोपऱ्यांत जाळी बसवायची आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे : एक आडवा, एक उभा. भिंतीवर ३० सेंमी, शॉवरमागे १.८ मीटरपर्यंत. नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीकडे) मीटरला १२ ते १५ मिमी उतार. मग ट्रॅपचे तोंड बंद करून ४८ तास पाणी तुंबवायचे आणि खालच्या छताला हात लावून बघायचे. विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोत यातले काहीही दिसत नाही.

आणि फोटोवरच तर पुढचे सगळे रामायण घडले. ‘पंधरा दिवसांत नवे घर’वाली मंडळी बाजारात उतरली. नाव घेत नाही. घेतले तर त्यांचीच फुकट जाहिरात. सगळ्या खोल्यांना फॉल्स सीलिंग, एका भिंतीला गडद वॉलपेपर, जुन्या फरशीवर नवी टाइल, ओट्याखाली चकचकीत दारे, आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा. आमच्या दरपत्रकात वॉटरप्रूफिंगची वेगळी ओळ असायची, त्यांच्यात ती नसायचीच. म्हणून आम्ही महागडे ठरलो! कारागीर तिकडे गेले. टाइल कटर आणि ब्रेकर विकून भाडे भागवावे लागले.

त्या पॅकेजची एकेक गोष्ट बघा. फॉल्स सीलिंग १० ते १५ सेंमी उंची खाते, २.७ मीटरची खोली २.५५ वर आली की बुटकी वाटते, आणि वर गळती असेल तर जिप्समला पिवळा डाग पडेपर्यंत ती लपून राहते. बाहेरच्या ओलसर भिंतीवर प्लास्टिकच्या थराचा वॉलपेपर लावला की भिंतीचा दमटपणा बाहेर पडायला वाट उरत नाही. मागे बुरशी धरते आणि खोलीला कुबट वास येतो. टाइलवर टाइल म्हणजे बाथरूमची जमीन चिकटवणाऱ्या थरासकट १२ ते १५ मिमी वर येते. मग दाराची फळी खालून कापा, आणि उंबऱ्याशी फरक उरला नाही तर पाणी थेट खोलीत. चिकटवायचे साहित्य दात्यांच्या थापीने पूर्ण न पसरता पाच ठिपके लावून टाइल दाबलेली असली, तर नाण्याने ठोकून बघा : मधे पोकळ वाजते, आणि जड वस्तू पडली की तिथेच फुटते.

त्या काळात आम्हाला धरून राहिल्या त्या घरांचे व्यवहार करणाऱ्या एक दलाल बाई. बाई आल्या की दिवाणखान्याकडे बघतही नसत. सिंकखालचे कपाट उघडायचे, तळाच्या फळीवर अंगठा दाबायचा (लाकडाच्या भुशाचा साधा पार्टिकल बोर्ड फुगलेला असला की लगेच कळतो), मग सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढायचा. भिंतीवर डाग दिसला, तर ४५ सेंमीचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवायला सांगत. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर दोष हवा खेळत नाही म्हणून. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येते आहे. पहिल्याला एक्झॉस्ट पंखा पुरतो, दुसऱ्याला नाही. पॅकेजची घरे पावसानंतर सोलायला लागली, तेव्हा बाईंनी एकामागून एक मालक आमच्याकडे धाडले. प्रतिस्पर्ध्याचे सीलिंग उतरवण्याचे पैसे मिळतात, हेही तेव्हा कळले. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आता कोणी विचारले नसले तरी सांगतो. दोन बेडरूम मिळवून एक प्रशस्त करू नका. गिऱ्हाईक खोल्या मोजते. मंजूर नकाशाबाहेर बाल्कनी बंद केली असेल तर कर्ज देणाऱ्याचा मूल्यमापक तेवढेच नेमके लिहून जातो. भार पेलणाऱ्या भिंतीला तर इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय छिन्नीही लावू नका.

दुसरे शौचालय मात्र खरोखर भाव वाढवते, पण आधी अंतर मोजा. कमोडचा पाइप ११० मिमीचा आणि उतार ४० ला १ धरला, तर मुख्य नळीपर्यंतच्या ३ मीटरला ७५ मिमी उतार लागतो. पाइप आणि वरचा थर मिळवला की जमीन २० सेंमीच्या वर उचलावी लागते. खाली जागा नसेल तर दोन पायऱ्या चढून जायचे शौचालय होईल, आणि तेच बघून गिऱ्हाईक परत जाईल. अशा वेळी आहे तेच नीट करा.

वायरिंग उघडलेच असेल तर दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची तार टाका, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. रंग सगळ्यात शेवटी, फिका, आणि भिंत सुकल्यावरच. पुट्टीचे दोन हात, १८० आणि मग ३२० नंबरचा घासकागद. घासताना टॉर्च भिंतीला समांतर धरा, खळगे सावलीत दिसतात.

भिंती बंद करण्याआधी पाइप आणि वायरचे फोटो काढा, मोजपट्टी फ्रेममध्ये ठेवून : जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. टाइलचा एक उरलेला बॉक्स आणि या फोटोंची पाने गिऱ्हाइकासमोर ठेवा. दाब किती भरला आणि पाणी किती तास ठेवले, तेही त्यात लिहिलेले असू द्या.