मुलाचं रक्त काढताना आत थांबू की बाहेर?

लॅबच्या दाराशी आलेले आईबाबा हमखास विचारतात, "आम्ही आत थांबू की बाहेर? आम्हाला बघून जास्त रडेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: आतच थांबा, आणि मुलाला मांडीवर घ्या. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला सुईइतकीच धास्ती असते ती उताणं पाडून दाबून धरल्याची.

मुलाचं तोंड तुमच्याकडे, छातीला छाती, त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. तुमचा एक हात त्याच्या पाठीवर. रक्त काढायचा हात बाजूला टेबलावर, उशीवर. कोपर आणि मनगट सिस्टर धरतील. ती पकड घट्टच लागते. सुई शिरेत असताना हाताला हिसका बसला की सुई निसटते, जागा काळीनिळी होते आणि पुन्हा टोचावं लागतं. रडू दे, हात तेवढा हलू देऊ नका.

बधिर करणारं मलम (लिडोकेन आणि प्रिलोकेनचं) डॉक्टरांना विचारूनच लावा. किती लावायचं ते वयावर आणि वजनावर ठरतं. बहुतेकदा चुकतं ते वेळेत. लॅबमध्ये नंबर लागल्यावर लावून काही उपयोग नाही, निदान 60 मिनिटं आधी लागतं. चोळायचं नाही, जाड थर द्यायचा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला लावा, एका हाताची शीर मिळाली नाही तर दुसरा तयार असतो. मलमाने कातडी पांढरी पडते, शीर बारीक होते, म्हणून पुसल्यावर दहाएक मिनिटं जाऊ द्या आणि हात उबदार ठेवा. उपाशीपोटी तपासणी नसेल तर घरून निघताना भरपूर पाणी पाजा, शिरा चांगल्या भरतात.

दोन वर्षांच्या मुलाला अगदी आयत्या वेळी सांगा, पाच वर्षांच्याला त्याच दिवशी सकाळी. "काही दुखत नाही" हे मात्र कृपा करून सांगू नका. ते खोटं ठरलं की पुढच्या वेळी तुमचं काहीच ऐकलं जात नाही. "टचकन टोचेल, तेव्हा तू जोरात फुंकर मार" एवढं पुरे. "घाबरू नको, घाबरू नको" असं सारखं म्हटलं की मुलाला वाटतं, घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे. आणि घरी "त्रास दिलास तर सुई टोचायला लावीन" ही धमकी बंद करा. तिची किंमत मूल इथे मोजतं.

साबणाच्या फुग्यांची बाटली जवळ ठेवा. फुगा उडवायला श्वास लांब सोडावा लागतो, त्याने अंग सैल पडतं. पण सुरुवात दंडाला पट्टा बांधायच्या आधी करा, रडं फुटल्यावर फुगे कुणी बघत नाही. आणि बोलायचं एकानेच; आई, बाबा, आजी एकदम बोलू लागले की मूल गोंधळतं.

दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर थांबायला सांगा, दुसऱ्या अनुभवी व्यक्तीला बोलवा. तपासणी तातडीची नसेल तर उद्या या.

सुई काढल्यावर कोपर दुमडू नका. हात सरळ ठेवून कापूस दोन-तीन मिनिटं दाबा. मोठ्या मुलाला स्वतःलाच दाबू द्या.