व्हाइट हाउसचा ओक आणि मुळांची हुंडी

वॉशिंग्टनला मुलांकडे आलेले मुंबईकर व्हाइट हाउसच्या कुंपणाशी फोटो काढतात आणि हमखास विचारतात, "ते फ्रान्सवाल्यांचं झाड कुठलं?" दाखवायला काही नाही. २३ एप्रिल २०१८ला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ आणि ट्रम्प यांनी फावडी घेऊन ओकचं रोप लावलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन मरीन जिथे लढले, त्या फ्रान्सच्या बेलो वुड जंगलातलं. आठवड्याभरात तिथे पिवळ्या गवताचा चट्टा उरला. रोप क्वारंटाइनमध्ये गेलं आणि तिथेच मेलं. लावतानाही मुळं प्लास्टिकच्या आवरणात होती, असं नंतर फ्रान्सच्या राजदूतांनी सांगितलं; म्हणजे समारंभ तसा फोटोपुरताच.

अमेरिकेचा हा कडकपणा जुना आहे. जानेवारी १९१०मध्ये जपानहून आलेली २,००० चेरीची झाडं किडी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे धाग्यासारखे बारीक कृमी) सापडल्यामुळे जाळून टाकली. टोकियोने मग निरोगी खुंटांवर कलमं बांधली आणि १९१२मध्ये ३,०२० झाडं पाठवली. ती लागली.

खरी गोम मातीत. सूत्रकृमी, बुरशी, किडींची अंडी सगळी हुंडीबरोबर, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याबरोबर येतात, म्हणून माती चिकटलेलं रोप विमानतळावरच अडतं. माती धुऊन काढायची, उघडी मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून वर प्लास्टिक. पण हे पानगळीच्या झाडाला हिवाळ्यात, ते झोपेत असतानाच सोसतं. पालवी फुटल्यावर मुळं उघडी केली तर पानांतून पाणी उडत राहतं, तुटलेली बारीक मुळं ते भरून काढू शकत नाहीत, आणि शेंडा मान टाकतो. आपल्या सदाहरित आंब्या-फणसाला तर झोपेचा हंगामच नाही.

इथलं रोप सुटकेसमध्ये लपवून तिकडे न्यायचा विचारही नको. आधी त्या देशात ते झाड चालतं का बघा, मग शिवडीला हाजी बंदर रोडवरच्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्रातून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला रोग-कीड नसल्याचा दाखला. उलट बाजूने रोप आणायचं तर इम्पोर्ट परमिट निघण्याआधी तिकडे खरेदीच करू नका.

किंग चार्ल्स यांनी मोदींना पंचाहत्तरीनिमित्त दिलेली भेट त्या मानाने शहाणपणाची: कदंब! इथल्याच मातीतलं झाड, सप्टेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या निवासस्थानी लागलं. सोसायटीत हौसेने लावणार असाल तर कंपाउंडच्या भिंतीला खेटून नको. कदंब झपाट्याने वाढतो आणि फांद्या आडव्या लांब पसरतात.